औंध : राजधानी आणि गाव

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसासमोर औंध हे नाव उच्चारले, तर त्याला बहुधा पुण्याला लागून असलेले उपनगर आठवते. कोणी अधिक भाविक असेल, तर त्याच्या मनात मराठवाड्यातील औंढा नागनाथ येतो. या दोहोंशी ज्याचा काही संबंध नाही, असे एक तिसरे औंध सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात आहे. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे पूर्वेकडे निघाले की कृष्णाकाठची हिरवळ हळूहळू मागे पडते, माळ उघडे होत जातात, आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर एका डोंगराच्या कुशीत हे गाव दिसू लागते. खटाव आणि माण हे तालुके महाराष्ट्रात दुष्काळासाठी प्रसिद्ध. औंधही त्याच उन्हातले. येथे मोठी नदी नाही, घाट नाही, की जुनी बाजारपेठ नाही. असे असूनही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी विद्या, कला आणि राज्यकारभार यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला या गावाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

गावाचे दैवत यमाई. डोंगरमाथ्यावर तिचे मूळपीठ आहे, आणि तेथील काळ्या पाषाणाची मांडी घालून बसलेली भव्य मूर्ती पाहणाऱ्याच्या मनातून सहसा जात नाही. देवीने औंधासुर नावाच्या दैत्याचा वध केला आणि त्याच्यावरून गावास औंध हे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे. 'ये माई' अशी कोणीतरी देवीला हाक मारली, तिचे पुढे यमाई झाले, असेही सांगतात. ती हाक मारणारा कोणाच्या मते प्रभू रामचंद्र, तर कोणाच्या मते वाडी रत्नागिरीचा जोतिबा. व्युत्पत्तिशास्त्राला हे मान्य होवो न होवो, देवीला घरच्या माणसाप्रमाणे हाक मारावी ही कल्पना मात्र या मुलखाच्या स्वभावाला धरून आहे. गावातही देवीचे दुसरे मोठे देऊळ आहे. त्याच्यापुढे उंच दगडी दीपमाळ आहे आणि शेजारीच संस्थानिकांचा वाडा आहे. देऊळ आणि वाडा यांच्या या शेजारात औंधचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

हे संस्थानिक म्हणजे पंतप्रतिनिधी. घराणे मूळचे कोरेगावजवळच्या किन्हईचे, कुळकर्णी वतनाचे. औरंगजेबाच्या स्वारीच्या धामधुमीत छत्रपती राजाराम महाराज जिंजीस गेले, तेव्हा अष्टप्रधानांहून वरचे असे प्रतिनिधिपद निर्माण झाले. ते प्रथम प्रल्हाद निराजीस मिळाले आणि पुढे परशुराम त्रिंबक यांच्याकडे आले. पन्हाळा आणि विशाळगड हे किल्ले मोगलांकडून परत घेणारे ते हेच. शाहू महाराज १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून परतले, त्या वेळी परशुरामपंतांनी ताराबाईंचा पक्ष धरला. त्यापायी त्यांना कैद भोगावी लागली, आणि पुढे त्याच शाहू महाराजांनी त्यांना पुन्हा पदावर बसविले. त्यांचे पुत्र श्रीपतराव हे थोरल्या बाजीरावाचे दरबारातील प्रतिस्पर्धी. पेशव्यांचे तेज वाढत गेले तसे प्रतिनिधींचे पद मानाचे राहिले, पण सत्तेचे राहिले नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत तर बापू गोखल्याने प्रतिनिधींचा पाडाव केला. या प्रसंगी पंतांच्या बाजूने शस्त्र धरून वासोट्याचा किल्ला कित्येक महिने लढविला तो ताई तेलिणीने. कागदोपत्री इतिहासात तिच्या वाट्याला चार ओळी आल्या असल्या, तरी लोकांच्या तोंडी पंतांपेक्षा तिचेच नाव अधिक राहिले आहे, आणि ते योग्यच म्हटले पाहिजे.

पेशवाई बुडाल्यावर १८२० मध्ये इंग्रजांशी झालेल्या करारान्वये प्रतिनिधी हे साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार ठरले. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी खालसा झाली, तेव्हा त्यांचा संबंध सरळ इंग्रज सरकारशी आला. हाती उरलेला मुलूख एकसंध नव्हता. औंध, कुंडल, आटपाडी आणि तिकडे विजापूरच्या बाजूस गुणदाळ असे चार तुकडे, त्यांत बहात्तर गावे आणि एकंदर क्षेत्र सुमारे पाचशे चौरस मैल. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये इंग्रजी हद्द किंवा परक्या संस्थानची हद्द लागे. कारभाराच्या दृष्टीने याहून गैरसोयीची रचना कल्पिणे अवघड आहे. अशा संस्थानाच्या गादीवर १९०९ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले. येथून पुढची चाळीस वर्षे हे गाव आणि हा पुरुष यांची कथा वेगळी काढता येत नाही.

बाळासाहेब पुण्यास शिकून पदवीधर झालेले. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते. मुंबईकडील संस्थानिकांचा पैसा घोड्यांच्या शर्यतींत आणि विलायतेच्या सफरींत जात असताना या राजाचे छंद बरेच स्वस्त होते, असे कोणी म्हणेल. पण त्यांची फळे पाहिली म्हणजे तो शब्द मागे घ्यावा लागतो. १९१० मध्ये बेळगावहून लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला कारखाना हलविणे भाग पडले, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला आणि सापांनी गजबजलेला माळ. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर आणि 'किर्लोस्कर' मासिक, शेतकऱ्याचे अवजार आणि मध्यमवर्गाचे वाचन, ही दोन्ही औंध संस्थानच्या हद्दीतून महाराष्ट्रभर गेली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढावयाचे योजिले, त्या कार्यासाठी एक लाख रुपयांचे वचन याच राजाने दिले. पाचशे चौरस मैलांच्या आणि त्याही दुष्काळी मुलखाच्या धन्याच्या दृष्टीने लाखाची रक्कम ही लहान गोष्ट नव्हती.

चित्रकलेच्या ओढीनेच पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांची आणि त्यांची गाठ पडली असावी, असे वाटते, कारण सातवळेकरही मुळात चित्रकारच. हैदराबाद आणि लाहोर येथे त्यांनी या व्यवसायात नाव मिळविले होते. पण वेदांनी त्यांना खेचून घेतले, आणि वेदांवरील लेखनापायी ब्रिटिश सरकारची अवकृपाही झाली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ते औंधला स्थिर झाले. तेथे त्यांनी स्वाध्याय मंडळ काढले, आणि वेदांच्या संहिता शुद्ध, सुबक आणि सामान्य माणसाला परवडेल अशा रूपात छापण्यास प्रारंभ केला. ज्या गावाला आगगाडी ठाऊक नव्हती, त्या गावाच्या टपालातून वेदांची पुस्तके पंजाबपासून मद्रासपर्यंत जाऊ लागली.

संगीताचेही तसेच. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर काही काळ औंधच्या आश्रयास होते. त्यांचे शिष्य अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे तर औंधचेच झाले. आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ अंतूबुवांनी १९४० मध्ये येथे संगीतोत्सव सुरू केला. त्यांचे चिरंजीव गजाननराव जोशी गायक आणि व्हायोलिनवादक म्हणून देशभर मान्यता पावले. आकाशवाणीच्या जुन्या श्रोत्यांना त्यांचे नाव सांगावयास नको.

डोंगराच्या अर्ध्या वाटेवर बाळासाहेबांनी बांधलेले श्री भवानी संग्रहालय १९३८ मध्ये खुले झाले. राजवाड्यातील चित्रे उचलून ती सर्वांना पाहता येतील अशा जागी आणावी, हा त्यातील हेतू. तेथे रविवर्म्याची चित्रे आहेत, बंगाली संप्रदायाची आहेत, औंधच्या पदरी असलेल्या चित्रकारांचीही आहेत. पुढे हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे 'माता आणि बालक' हे दगडी शिल्पही येथे आले. मूळपीठाला जाणाऱ्या माणसाला वाटेत, मनात आणले नाही तरी, एवढी कला भेटते.

येथवरची कथा एका गुणग्राहक राजाची आहे, आणि अशा कथा बडोदे, कोल्हापूर, इंदूर येथेही, याहून मोठ्या प्रमाणावर, सापडतील. औंधचे वेगळेपण १९३८ च्या अखेरीस दिसून आले. बाळासाहेबांचे पुत्र अप्पासाहेब पंत विलायतेत शिक्षण पुरे करून परत आले होते. त्यांच्या सोबतीस मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश यंत्रज्ञ आला. हा गृहस्थ बंगळूरला विजेच्या सामानाच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होता. गांधीजींच्या विचाराने भारलेला, भगवी वस्त्रे धारण केलेला, भारतानंद या नावाने ओळखला जाणारा. उत्तर आयुष्यात मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत नेऊन जगभर पोहोचविणारा तो हाच. या दोघांनी वृद्ध राजासमोर अशी कल्पना मांडली की, संस्थानची सर्व सत्ता प्रजेच्या हाती द्यावी. राजाने ती मान्य केली. पितापुत्र गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा तयार झाला, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना अमलात आली. गांधीजींनी त्याच महिन्यात 'हरिजन'मधून तिची दखल घेतली.

घटनेची रचना तळापासून वर जाणारी होती. प्रत्येक गावाने पाच जणांची पंचायत निवडावयाची. पंचायतींच्या अध्यक्षांची मिळून तालुका समिती, आणि तालुका समित्यांनी पाठविलेल्या प्रतिनिधींचे विधिमंडळ. मंत्री या विधिमंडळाला जबाबदार. गावच्या साऱ्याचा मोठा हिस्सा गावातच ठेवण्याची आणि न्याय शक्य तो गावातच, वकिलावाचून आणि खर्चावाचून, मिळवून देण्याची तीत तरतूद होती. ज्याने कधी एखाद्या कचेरीत बसून काम पाहिले आहे, त्याला यातील धाडस चटकन समजेल. सत्ता खाली द्यावी असे भाषणात सर्वच म्हणतात. पैसा खाली द्यावा असे क्वचितच कोणी म्हणतो, आणि फैसला करण्याचा अधिकार खाली द्यावा हे तर कोणालाच सुचत नाही. औंधने ही तिन्ही पावले एकदम टाकली. स्वतंत्र महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कायदा १९६१ मध्ये झाला आणि १ मे १९६२ रोजी अमलात आला. ग्रामपंचायतींना राज्यघटनेत स्थान मिळावयास १९९२ ची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती व्हावी लागली. त्यांच्या कितीतरी आधी बहात्तर गावांत हा प्रयोग होऊन गेला होता.

या प्रयोगात एक विसंगतीही होती, आणि ती लपविण्याचे कारण नाही. लोकांनी मागण्यापूर्वीच राजाने राज्य देऊ केले. म्हणजे लोकसत्ता आली तीही राजाज्ञेनेच. पिढ्यान्‌पिढ्या पाटील, कुळकर्णी आणि मामलेदार यांच्यापुढे हात जोडून उभा राहणारा कुणबी, धनगर वा महार एका जाहीरनाम्याने निर्भय होणे शक्य नव्हते. पंचायतीत निवडून येणारे पुष्कळदा तेच, जे आधीपासून चावडीवर बसत होते. पण सवय ही लागता लागताच लागते. सवय लागावयास लागतात ती वर्षे, आणि औंधला मिळाली अवघी नऊ.

त्या नऊ वर्षांतील दोन गोष्टी विशेष सांगण्याजोग्या आहेत. पहिली आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. गुन्हेगारांना भिंतीआड कोंडण्याऐवजी मोकळ्या माळावर, बायकामुलांसह, शेती करून राहू द्यावे, असे फ्रीडमनने सुचविले आणि संस्थानने ते करून पाहिले. नाव ठेवले स्वतंत्रपूर. पुढे याच कल्पनेतून ग. दि. माडगूळकरांची कथा आणि व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट निर्माण झाला, आणि बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेला. चित्रपट पाहणाऱ्या लाखो लोकांना ती माती आटपाडीची आहे याची कल्पनाही नसेल.

दुसरी गोष्ट कुंडलची. १९४२ च्या आंदोलनानंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे एक मोठे ठाणे औंध संस्थानातील कुंडल हे होते, आणि जी. डी. बापू लाड हे तेथलेच. हद्दीच्या पलीकडे ज्याच्यावर इनाम लावलेले, तो अलीकडे भाकरी खात बसलेला, असा प्रकार घडे. संस्थानच्या तुकड्या-तुकड्यांच्या ज्या नकाशाला कारभारी शिव्या देत, तोच नकाशा भूमिगतांच्या कामी आला. दरबाराने या सर्वांकडे किती कानाडोळा केला, हे इंग्रज अधिकाऱ्यांना कळत नव्हते असे नाही. परंतु गांधीजींच्या सल्ल्याने चालणाऱ्या आणि राजाच्या हाती फारशी सत्ता न उरलेल्या संस्थानात जाब विचारावयाचा तरी कोणाला?

या साऱ्याचा शेवट फार वेगाने आणि फार क्लेशकारक रीतीने झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण होता, एवढ्या कारणावरून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. साताऱ्याच्या मुलखात ही आग सर्वांत अधिक भडकली. किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटविण्यात आला. ज्या प्रदेशात गांधीजींनी स्वतः लक्ष घालून ग्रामराज्याची घटना करून दिली होती, त्याच प्रदेशात त्यांचे नाव घेऊन घरे जळाली. पंडित सातवळेकर त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. त्यांनी स्वाध्याय मंडळ उचलले आणि ते गुजरातेत पारडी येथे नेले. तेथे ते पुढे वीस वर्षे काम करीत राहिले आणि शंभरी ओलांडून १९६८ मध्ये निवर्तले, परंतु औंधचा तो छापखाना पुन्हा औंधला आला नाही. गावातून कितीतरी ब्राह्मण कुटुंबे पुण्यामुंबईकडे निघून गेली. दोन्ही बाजूंच्या घरांत या दिवसांविषयी पुढे बराच काळ फारसे बोलले जात नसे. प्रयोगाचे यशापयश मोजताना पंचायतींची संख्या मोजतात, पण हे दिवस मोजत नाहीत. ज्या समाजाला एकत्र बसून कारभार करावयाचा, त्याच्या मनातील जुन्या चिरा घटनेच्या कलमांनी बुजत नाहीत, हे त्या आठवड्याने दाखविले.

पाच आठवड्यांनी, ८ मार्च १९४८ रोजी, औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. औंध साताऱ्यात राहिले. कुंडल आणि आटपाडी दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगलीत गेले. गुणदाळ विजापुराकडे गेले आणि पुढे कर्नाटकात समाविष्ट झाले. बहात्तर गावांची घटना फायलीत गेली. अप्पासाहेब त्याच वर्षी भारत सरकारचे आयुक्त म्हणून पूर्व आफ्रिकेत नैरोबीला गेले. वृद्ध बाळासाहेब मागे राहिले आणि १३ एप्रिल १९५१ रोजी वारले. तालुक्याचे ठाणे वडूजला असल्यामुळे औंधला कचेरीचेही महत्त्व उरले नाही. कारकून, शास्त्री, चित्रकार, गवई यांच्या वर्दळीने भरलेले गाव काही वर्षांत पेन्शनरासारखे झाले.

राजधानीचे गाव राजधानी गेल्यावर काय करते, हा प्रश्न केवळ औंधचा नाही. जत, सांडूर, देवास, मराठी संस्थानिकांच्या कितीतरी गावांनी तो सोसला आहे. औंधपुरते पाहावयाचे, तर दरबाराने जे दिले त्यातील बरेच दरबाराबरोबर गेले, आणि जे लोकांनी अंगावर घेतले ते टिकले. शाळा टिकली. मराठी साहित्याने तिचे ऋण किती मानावे! स्वतः बाळासाहेब १९३५ मध्ये इंदूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांच्या संस्थानातील आटपाडी भागातून पुढे तीन अध्यक्ष आले. ग. दि. माडगूळकर १९७३ मध्ये यवतमाळला, त्यांचे बंधू व्यंकटेश माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईला, आणि लगेच पुढल्या वर्षी जळगावला शंकरराव खरात. पहिले दोघे संस्थानच्या कारकुनाचे मुलगे, तिसरे गावकुसाबाहेरच्या महारवाड्यातले. गदिमा तर औंधलाच शिकले. व्यंकटेशांच्या १९५५ च्या 'बनगरवाडी'त धनगरांनी बांधलेली तालीम उघडण्यास स्वतः राजेसाहेब येतात, तो प्रसंग ज्यांनी वाचला आहे त्यांना औंधचे संस्थान कसे होते हे वेगळे सांगावयास नको. आणि खरातांचे 'तराळ-अंतराळ' ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्याच संस्थानात जन्मलेल्या माणसाला काय सोसावे लागले हेही ठाऊक असते. औंध समजून घ्यावयाचे तर दोन्ही पुस्तके हाती असावी.

संग्रहालय राज्य सरकारच्या ताब्यात गेले आणि चालू राहिले. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर आजही तुरुंग खात्याची खुली वसाहत आहे. संगीतोत्सवाला दरबार उरला नव्हता, तरी तो बंद पडला नाही. अंतूबुवांनंतर गजाननरावांनी, त्यांच्यामागे त्यांच्या शिष्यांनी तो चालविला. दर वर्षी आश्विनात मुंबई-पुण्याहून गवई येतात, आणि समोर शहरी रसिकांच्या जोडीला गावची माणसे बसलेली असतात. त्यांतल्या कित्येकांना रागाचे नाव सांगता येणार नाही, पण गाणे कोठे रंगले आणि कोठे नाही हे त्यांना बरोबर कळते.

पौषात देवीची यात्रा भरते. त्या दिवसांत माणदेशातून, कृष्णाकाठाहून, पोटासाठी मुंबईला गेलेल्या घरांतून माणसे येतात. गावातल्या देवळापुढे नारळ फोडून ती डोंगर चढू लागतात. मूळपीठाचे दर्शन घेऊन उतरताना पुष्कळजण पोराबाळांसह संग्रहालयात शिरतात, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाता जाता त्या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी आईपुढे येऊन घटकाभर थांबतात.